दातांची जामीनकी

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात 'दुभंगलेले ओठ व टाळू : मोफत शस्त्रक्रिया शिबिर' असा फलक कधीच पाहिला नाही असा माणूस विरळा. एस. टी. स्थानकाबाहेर, ग्रामीण रुग्णालयाच्या कुंपणावर, क्वचित साखर कारखान्याच्या गेटवरही तो दिसतो. फलकावर उद्घाटकांच्या छायाचित्रांची रांग असते आणि तिच्याखाली एकाच मुलाची दोन छायाचित्रे, एक 'आधी' आणि एक 'नंतर'. या फलकांकडे मी गेली काही वर्षे जरा बारकाईने पाहतो आहे. 'नंतर'च्या छायाचित्रातले मूल बहुधा ओठ मिटून हसत असते. तोंड उघडून हसणारे, दात दाखवणारे मूल या फलकावर मला अजून भेटलेले नाही.

यात फसवणूक आहे असे मुळीच नाही. ओठ खरोखरच उत्तम शिवलेला असतो. परंतु ओठ शिवला की आपल्या मनातली गोष्ट संपते, आणि त्या मुलाच्या तोंडातली गोष्ट तिथून पुढे पंधरा-सोळा वर्षे चालू राहते. या गोष्टीतल्या एका प्रकरणाविषयी मला आज लिहायचे आहे. टाळू रुंदावण्याच्या उपचाराविषयी आणि त्या उपचारात दातांचे काय होते याविषयी. विषय दंतवैद्यांचा आहे हे मान्य. पण मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत कर्जे वाटण्यात आणि ती वसूल करण्यात घालवली, आणि हा विषय समजू लागला तेव्हा तो मला फार ओळखीचा वाटला.

आधी एक ऋण मान्य करू. दुभंगलेल्या ओठांची शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या आवाक्यात आणणाऱ्यांत एक मराठी नाव फार मोठे आहे. डॉ. शरदकुमार दीक्षित. जन्म पंढरपूरचा, १९३० सालचा. व्यवसाय अमेरिकेत. १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येत आणि ठिकठिकाणी शिबिरे घेऊन मोफत प्लॅस्टिक सर्जरी करीत. घशाच्या कर्करोगाने आवाज गेला, अपघाताने शरीर अर्धे लुळे पडले, हृदय कमकुवत झाले, तरी चाकाच्या खुर्चीत बसून हा माणूस एकामागून एक ओठ शिवत राहिला. पुण्यात भारतीय जैन संघटनेने भरवलेली त्यांची शिबिरे अनेकांना आठवत असतील. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले. त्यांच्याकडे गेलेल्या हजारो मुलांना त्यांनी शाळेत जाण्याजोगा, लग्नाच्या बाजारात उभे राहण्याजोगा चेहरा दिला. या कामाला कमी लेखणारा माणूस करंटाच म्हणायचा. मला जे म्हणायचे आहे ते त्यापुढचे आहे.

आपल्याकडे साधारण हजार जन्मांमागे एखादे मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू, किंवा दोन्ही, घेऊन येते. गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठ जुळतो आणि बाराव्या आठवड्यापर्यंत टाळू. हे जुळणे राहून गेले की दुभंग राहतो. कारणे अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. काही रक्तातून आलेली, काही पोषणाची, काही औषधांची. आमच्याकडे मात्र कारण एकच, ग्रहण. बाईने ग्रहणात विळी धरली, सुपारी कातरली, म्हणून लेकराचा ओठ कापला गेला. ज्या मुलीमुळे मी या विषयात ओढला गेलो तिचा जन्म ऑगस्ट २०१० चा. त्या वर्षी १५ जानेवारीला सूर्यग्रहण होते, आणि दिवस किंक्रांतीचा. अमावास्या, ग्रहण आणि किंक्रांत असा तिहेरी योग जुळून आल्यावर खटाव तालुक्यातल्या त्या घरात सुनेच्या अपराधाबद्दल कोणाला शंका कशी राहावी? वास्तविक त्या दिवसापर्यंत बाळाचा ओठ जुळायची वेळ टळूनही गेली होती. पण पंचांगापुढे गर्भशास्त्राचे कोण ऐकतो!

ही मुलगी आमच्या शाखेतल्या शिपाईमामांची नात. तिचे आईवडील गलाईच्या धंद्यात, म्हणजे विटा, आटपाडी, खटाव या भागातली माणसे सोने-चांदी गाळायला सगळ्या हिंदुस्थानभर पांगली आहेत, त्यांपैकी. मुलगी शाळेसाठी आजी-आजोबांकडे. ओठ पाचव्या महिन्यात शिवला, टाळू दीड वर्षाची असताना. दोन्ही शस्त्रक्रिया मोफत आणि चांगल्या झाल्या. ती आठ वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी सांगितले, की हिचे वरचे दात खालच्या दातांच्या आत पडतात, हिला दाखवून आणा. मामा माझ्याकडे आले ते गोंधळून. "साहेब, ओठ शिवलाय, टाळू शिवलीया. मग ह्ये दातांचं आन् काय नवीन?"

नवीन काही नव्हते. ते टाळू शिवण्यातूनच आलेले होते, आणि इथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे.

टाळूची फट बुजवताना शल्यविशारद दोन्ही बाजूंचे मऊ आवरण सैल करून मध्ये ओढतो आणि शिवतो. त्यामुळे अन्नपाणी नाकात जायचे थांबते आणि मूल बोलू लागते. पण शिवलेल्या जागी आणि तिच्या दोन्ही कडांना व्रण राहतो, आणि व्रणाचा स्वभाव आक्रसण्याचा. भाजलेल्या हाताची बोटे जशी हळूहळू आत ओढली जातात, तसा हा व्रण वरच्या जबड्याला वर्षानुवर्षे आतल्या बाजूला ओढत राहतो. हिरडीपाशी हाडात खिंडार असतेच. त्यामुळे जबड्याचा लहान तुकडा मोठ्या तुकड्याच्या मागे सरकतो, कमान अरुंद होते, वरचे दात खालच्यांच्या आत बसतात. चावणे बिघडते, जिभेला जागा पुरत नाही. खिंडाराला लागून असलेला दात बहुधा उगवतच नाही, नाहीतर दाण्याएवढा राहतो, किंवा एकाऐवजी दोन येतात. पटाशीचा मोठा दात स्वतःभोवती फिरून उगवतो. घासायला अवघड अशा या कोपऱ्यात कीड लवकर लागते.

म्हणून साधारण सात ते दहा या वयात टाळू रुंदावतात. एक तर मागच्या दाढांना कड्या बसवून त्यांना जोडलेली जाड तारेची कमान लावतात, ती हळूहळू ढकलत राहते. नाहीतर मधोमध बारीक स्क्रू असलेले उपकरण बसवतात. किल्लीने स्क्रूला पाव फेरा दिला की पाव मिलिमीटर रुंदी वाढते. ही युक्ती जुनी आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने १८६० साली एका चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडात असा स्क्रू बसवला आणि दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दातांत फट पडली असे छापून प्रसिद्ध केले. त्या काळच्या जाणकारांनी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतल्याच अँड्र्यू हास यांनी ही पद्धत पुन्हा प्रतिष्ठेला आणली.

धडधाकट मुलाच्या टाळूत मधोमध एक सांधा असतो. वयात येईपर्यंत तो पुरता पक्का झालेला नसतो. स्क्रू फिरवला की तो सांधा उघडतो आणि त्या फटीत नवे हाड भरते. दुभंगलेल्या टाळूत हा हिशेब लागू पडत नाही. तिथे फट आधीचीच, तिच्यात हाड नाही, आणि तिच्यावर पांघरलेला व्रण सगळे पुन्हा मिटवायला टपलेला. पुढच्या भागात, जिथे खिंडार आहे, तुकडे चटकन दूर होतात. मागे दाढांपाशी व्रण घट्ट, तिथे हाड हलायला कुरकुरते. आणि स्क्रूचा जोर तर हाडावर थेट लावता येत नाही, तो दाढांना धरूनच लावावा लागतो.

इथे मला आमचा धंदा आठवला. कर्ज एकाने घ्यायचे आणि सही दुसऱ्याने करायची, त्याला आपण जामीनदार म्हणतो. कर्जदार हप्ते फेडतो तोवर जामीनदाराला कोणी ओळखतही नाही. कर्जदार हलेनासा झाला की नोटीस जामीनदाराच्या दारात जाते. टाळू रुंदावण्यात दात हे जामीनदार आहेत. हाड सरकले तर ठीक. ते सरकले नाही तर तेवढी वसुली दातांकडून होते.

ती कशी होते? दाढा आपल्या जागेवरून सरळ सरकण्याऐवजी गालाच्या बाजूला कलतात. कललेली दाढ वरून पाहिली तर रुंदी वाढलेली दिसते, पण ती हाडाची रुंदी नव्हे. दाढेच्या मुळाच्या बाहेरच्या अंगाला हाडाची भिंत मुळातच पातळ, कागदासारखी. मूळ तिच्यावर रेलले की ती आणखी झिजते, आणि पुढेमागे तिथली हिरडी खाली उतरून मूळ उघडे पडू शकते. मुळाच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. जोर थांबल्यावर ते बरेचसे भरून येतात, पण पुरते भरतीलच असे नाही. अलीकडच्या त्रिमिती एक्स-रेत हे सगळे मिलिमीटरच्या दशांशात मोजता येते, आणि ज्यांनी ते मोजले त्यांनी ते लपवून ठेवलेले नाही. त्याशिवाय दुभंगाच्या मुलांची एक खास भीती असते. खिंडाराच्या दोन्ही काठांवरचे जे दात, त्यांच्या मुळांना एका बाजूने नावालाच हाड असते. त्यांना तारांनी भलत्या दिशेने ओढले तर मूळ थेट खिंडारात उघडे पडते. शिवाय तुकडे दूर झाले की व्रणाखाली दडलेले जुने एखादे छिद्र उघडे होते आणि चहाचा घोट नाकातून येतो. घरच्यांना वाटते डॉक्टरने भोक पाडले. बहुतेक वेळा ते होतेच, अरुंदपणाने झाकले होते.

हे वाचून कोणी 'मग नकोच तो उपचार' असे म्हणू नये. म्हणूनच हे सविस्तर लिहिले. उपचार हवाच. न केला तर सगळे आयुष्य उलट्या चाव्यावर काढावे लागते आणि पुढची महत्त्वाची शस्त्रक्रियाच नीट होत नाही. ती शस्त्रक्रिया म्हणजे हाडाचे कलम. अमेरिकेतल्या बॉइन आणि सँड्स यांनी ती १९७२ साली मांडली, आणि पुढे नॉर्वेतल्या ऑस्लोच्या मंडळींनी १९८६ साली आपल्या रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध करून तिचे महत्त्व जगाला पटवले. रुंदावलेल्या खिंडारात कमरेच्या हाडातला मऊ गर भरायचा. वेळ साधायची ती सुळा खाली उतरण्याआधीची, साधारण नऊ ते अकरा वर्षांची. वेळ साधली तर सुळा त्या कलमातून खाली येतो आणि येताना ते हाड जिवंत ठेवतो. आंब्याच्या कलमाला पाऊस गाठावा लागतो, तसे या कलमाला सुळा गाठावा लागतो. आणि कलम होईपर्यंत रुंदावलेली कमान धरून ठेवणे अटळ, कारण मध्ये हाड नसल्याने ती आपल्या आपण टिकत नाही. उपकरण काढले आणि आधार दिला नाही तर व्रण काही महिन्यांत जागा परत घेतो. मग रुंदावणे पुन्हा, आणि दाढांवर जोर पुन्हा.

दातांचे नुकसान उपकरणापेक्षा या तुटण्याने जास्त होते. एकदा रुंदावणे आणि दोनदा रुंदावणे यांतला फरक जामीनदारालाच ठाऊक.

शिपाईमामांच्या नातीचा हिशेब माझ्या डायरीत आहे. जून २०१९ मध्ये सांगलीतल्या एका दंत महाविद्यालयात स्क्रू बसला. किल्ली आजीच्या हाती. "रोज एकदाच, आजी. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोनदा नाही फिरवायचं," असे तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावले. आजीने दुधाच्या रतिबाच्या रेघा ओढतात तशा भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या आणि सांगितलेल्या रेघेवर किल्ली डब्यात ठेवून दिली. ऑगस्टमध्ये तपासणीची तारीख होती. त्या आठवड्यात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर होती आणि निम्मी सांगली पाण्यात. तारीख सप्टेंबरात गेली, फारसे बिघडले नाही. कलम २०२० च्या उन्हाळ्यात, शाळेच्या सुट्टीत करायचे ठरले. मार्चमध्ये टाळेबंदी आली. मे महिन्यात उपकरणाची एक कडी दाढेवरून सुटली, जिभेला टोचू लागली. सांगलीला जायला ना एस. टी. ना परवाना. गावाजवळच्या दंतवैद्याने ते काढले. त्याने दुसरे काय करावे? दिवाळीपर्यंत वरचे दात पुन्हा आत. २०२१ मध्ये दुसऱ्यांदा रुंदावणे सुरू झाले, जुलैत पुन्हा पूर, आणि दिवाळीपासून एस. टी.चा संप, तो एप्रिल २०२२ पर्यंत. वडूजहून मायणी, विटा, तासगाव करीत सांगली गाठायची म्हणजे संपात खासगी जीप. मामांचे निवृत्तिवेतन त्यात किती गेले हे त्यांनी मला सांगितले नाही, मी विचारले नाही. कलम झाले तेव्हा मुलगी बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि सुळ्याचे टोक हिरडीतून दिसत होते. कलमाने धरले, पण मनाजोगते नाही. एका दाढेची हिरडी बाहेरच्या अंगाने उतरली आहे. आता ती दहावीत आहे. 'ट' आणि 'क' स्पष्ट म्हणते. थंड पाणी पिताना तेवढी डोके एका बाजूला कलते करते.

यात कुठल्या डॉक्टरची चूक मला दिसत नाही. पुराची आणि साथीची तर नाहीच. एवढेच, की ज्या उपचाराला खंड सोसत नाही तो खंड पडणारच अशा माणसांच्या हाती आपण आधार न देता सोपवतो. तिच्या जागी ऊसतोड कामगाराचे मूल घ्या. बीडकडून दिवाळीच्या आसपास यायचे, कारखान्याच्या हद्दीत कोपी बांधायची, पट्टा पडला की परत जायचे. त्या मुलाचा ओठ एखाद्या शिबिरात शिवून होईल. त्याच्या तोंडात कोणी स्क्रू बसवावा काय? प्रामाणिक डॉक्टर बसवणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

आमच्या बँकेत एके काळी 'एकात्मिक ग्रामीण विकास' योजनेची कर्जे होती. २ ऑक्टोबर १९८० पासून ती देशभर सर्व तालुक्यांत लागू झाली आणि १९९९ साली दुसऱ्या योजनेत विलीन झाली. तिच्यासाठी कर्जमेळावे भरत. मंडप, हारतुरे, मंत्रिमहोदय. किती म्हशी वाटल्या याचा आकडा त्याच संध्याकाळी वर कळवावा लागे. सहा महिन्यांनी म्हैस दूध देते का, वैरण आहे का, ती आहे तरी का, हे विचारणारा रकाना अर्जात पुढे कुठे तरी होता, पण त्याची तार कोणी मागवत नसे. शस्त्रक्रिया शिबिराचा आकडाही त्याच संध्याकाळी जाहीर होतो. तो खोटा नसतो, म्हशींचाही नव्हता. देणगीदाराला एका दिवसात चेहरा बदललेला दिसतो आणि त्याचे समाधान होते. दाढेवरची कडी सुटू नये म्हणून दर सहा आठवड्यांनी लागणाऱ्या एस. टी.च्या भाड्याला कोणी देणगी देत नाही, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही.

हे छायाचित्राचे वेड एकट्या आपल्याकडचेच नाही. मिर्झापूर जिल्ह्यातल्या पिंकी नावाच्या मुलीवरच्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले. चित्रपट चांगलाच आहे, आणि एक कादंबरीकार म्हणून मीही गोष्ट तिथेच संपवली असती, टाके काढल्यावरच्या आरशापाशी. पुढचे लिहायला घेतले तर प्रकाशक म्हणेल, 'अहो, यात घडत काहीच नाही.' खरे आहे. दहा वर्षे दर दीड महिन्याला बस पकडण्यात काही घडत नाही. ज्या स्माइल ट्रेन संस्थेच्या मदतीने तिची शस्त्रक्रिया झाली, तिने आणि तिच्यासारख्या काही संस्थांनी दातांच्या आणि वाणीच्या उपचारांना मदत करणे सुरू केले आहे, हेही सांगितले पाहिजे. फलकांवर ते अजून उतरलेले नाही, एवढेच.

या कामाला परदेशाइतका पैसा आपल्याकडे नाही, हे उत्तर मला पटत नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलो प्रांतात, उसाच्या मुलखात, बाउरू नावाचे एक शहर आहे. राजधानीपासून आत, आपल्या सांगलीसारखे. तिथल्या विद्यापीठाने १९६७ पासून दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या रुग्णांसाठी एक सरकारी रुग्णालय चालवले आहे. लोक त्याला लाडाने 'सेंत्रिन्यू', म्हणजे छोटे केंद्र, म्हणतात. शल्यचिकित्सा, दात, वाणी, सगळे एका छपराखाली, जन्मापासून मोठे होईपर्यंत, विनामूल्य. टाळू रुंदावताना दातांवर आणि हाडावर काय परिणाम होतो याची जी मापे आज जगभर वापरली जातात, त्यांतली कितीतरी याच गावातून आली. पटकन रुंदावले काय आणि संथ रुंदावले काय, दाढांचे कलणे दोन्हींत होतेच, हे तिथल्याच डॉक्टरांनी मोजून दाखवले. एवढे मोजता आले, कारण रुग्ण परत येत राहिले. आणि इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात ५७ ठिकाणी थोडे थोडे रुग्ण वाटले गेल्याने निकाल वाईट येतात असे १९९८ च्या सरकारी अहवालात निघाले, तेव्हा त्यांनी ती ठिकाणे कमी करून मोजकी केंद्रे पक्की केली. पैशाइतकीच ती एका जागी रुग्ण धरून ठेवण्याची बाब होती.

आपल्याकडे सामग्री कमी नाही. मिरज हे तर डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासून दवाखान्यांचे गाव, तिथे १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. सांगलीत आणि कराडला दंत महाविद्यालये. शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, वयाची मर्यादा अठरा वर्षे आहे आणि पथके दरवर्षी शाळेत जातात. कागदावर मूल अठरा वर्षांपर्यंत आपले आहे. प्रत्यक्षात 'शस्त्रक्रिया झाली' या शेऱ्यापुढे काय विचारायचे, हेच ठरलेले नसेल तर पथकातला डॉक्टर तोंड उघडायला सांगून तरी काय पाहणार? त्याने पाहायचे ते चारच प्रश्नांपुरते आहे. वरचे दात आत पडतात काय? उपकरण बसले आहे काय, आणि बसले असेल तर शाबूत आहे काय? कलम झाले काय? सुळा आला काय? हे पाहायला दंतवैद्य असावा लागत नाही, बॅटरी लागते.

दंत महाविद्यालयांतली एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षांसाठी येतो. त्याच्या हाती आलेल्या मुलाचा उपचार दहा वर्षांचा. म्हणजे एका मुलाचे तोंड तीन-चार डॉक्टरांच्या हातून जाते, आणि प्रत्येक नवा डॉक्टर आधीच्याची फाइल शोधण्यापासून सुरुवात करतो. मामांच्या नातीच्या बाबतीत किल्लीचे फेरे किती झाले हे सर्वांत खात्रीने सांगणारी नोंद आजीच्या भिंतीवर होती.

गंमत म्हणजे या मुलीच्या उपचाराला अलीकडे सर्वांत मोठा हातभार आरोग्य खात्याकडून आलेला नाही. मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले. आजी आणि नात दोघींचे भाडे अर्धे. त्या वर्षी त्यांची एकही तारीख चुकली नाही.

माझे मागणे बँकेतल्या माणसाचे आहे, म्हणून लहान आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी मिळून या मुलांच्या प्रवासासाठी आणि सुटलेली उपकरणे पुन्हा बसवण्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी. शस्त्रक्रियेच्या मानाने ती रक्कम किरकोळ असेल. शिबिराच्या आयोजकांनी पुढच्या वेळी किती ओठ शिवले याच्या शेजारी, पाच वर्षांपूर्वी शिवलेल्यांपैकी किती मुले अजून उपचारात आहेत हाही आकडा फलकावर लिहावा. तालुक्याच्या एखाद्या दंतवैद्याला सुटलेली कडी परत चिकटवण्याचे आणि तात्पुरता आधार बसवण्याचे शिक्षण द्यावे, म्हणजे त्यासाठी मायणी-विटा-तासगाव करावे लागणार नाही. आणि प्रत्येक मुलाला पासबुकासारखे एक पुस्तक द्यावे, जे घरच्यांकडे राहील, दवाखान्यात नव्हे. कुठला डॉक्टर, कुठली तारीख, उपकरण कोणते, किती फेरे, कधी थांबवले, आधार कधीपर्यंत ठेवायचा, कलम कधी करायचे. मूल कोइमतूरला गेले, बीडला गेले, तरी पुस्तक बरोबर जाईल. जाड पुठ्ठ्याचे करावे आणि वर प्लॅस्टिकचे आवरण घालावे, कारण आमच्याकडे पावसाळ्यात कागद टिकत नाही.